कात्री कुठे थांबते



नागपूरच्या गांधीबागेत बोलायचं आणि विषय चित्रपटाच्या संकलनाचा, हा योग मला चांगला जुळून आल्यासारखा वाटतो. या पेठेत दिवसभर कापड मोजलं जातं आणि कापलं जातं. दुकानदार थान उलगडतो, मापतो, काठाला कात्रीने बोटभर छेद देतो आणि उरलेलं कापड हाताने टर्रकन सरळ फाडतो. कात्रीचं काम बोटभरच, पण ती बोटभर जागा चुकली तर सदरा आखूड होतो. संकलकाचं मापही असंच बारीक आहे. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. सहा चौकटी अलीकडे कट पडला तर प्रसंग पाव सेकंदाने आखूड होतो, आणि तो पाव सेकंद एखाद्या आईच्या चेहऱ्यावरचा शेवटचा असेल तर सगळं रडणं खोटं वाटायला लागतं. ज्या चित्रपटांनी आपल्याला आतून हलवून सोडलं, त्यांत हे काम नेमकं काय करतं, याचा विचार आज करायचा आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. पडद्यावरचं दुःख आपल्याला झोंबतं ते कात्री कुठे चालली यापेक्षा ती कुठे चालवायची नाही असं ठरलं, त्यामुळे. कट म्हणजे प्रेक्षकाची सुटका असते. ती केव्हा द्यायची आणि केव्हा नाकारायची, हे संकलकाच्या हातात असतं.

या कामाला मराठीने कात्रीवरून नाव दिलेलं नाही. आपण संकलन म्हणतो, म्हणजे गोळा करणं, एकाशेजारी एक लावणं. ही बाजूही खरी आहे आणि ती विदर्भाला नवी नाही. आठव्या शतकातला भवभूती स्वतःला पद्मपूरचा म्हणवतो. ते पद्मपूर म्हणजे आपल्या गोंदिया जिल्ह्यातलं, आमगावजवळचं गाव, असं मानलं जातं. त्याच्या ‘उत्तररामचरिता’चा पहिला अंक आठवा. राम आणि सीता आपल्याच गतआयुष्याची चित्रं पाहतात. थकलेली सीता रामाच्या बाहूवर डोकं ठेवून झोपी जाते. तिच्याकडे पाहत राम म्हणतो की हिचं सगळंच मला प्रिय आहे, असह्य असेल तो फक्त हिचा विरह. हे वाक्य संपतं न संपतं तोच प्रतिहारी आत येऊन सांगते, ‘आला आहे’. कोण आला आहे? दुर्मुख, लोकापवादाची बातमी घेऊन. विरहाचा उच्चार आणि ‘आला आहे’ यांच्यामध्ये भवभूतीने एक श्वासही ठेवलेला नाही. प्रतिहारी चार वाक्यं उशिरा आली असती तर ती निव्वळ वर्दी ठरली असती. करुण रसाचा हा कवी दोन तुकडे कुठे भिडवायचे हे जाणत होता. कॅमेरा यायला अजून हजारभर वर्षं होती.

१९२०च्या आसपास रशियात दिग्दर्शक कुलेशॉव्हने हेच पडद्यावर पडताळलं. एका नटाचा तोच चेहरा त्याने कधी सूपच्या वाटीला जोडला, कधी शवपेटीतल्या मुलाला. चेहरा बदलला नव्हता, पण पाहणाऱ्यांना त्यात एकदा भूक दिसली आणि एकदा शोक. आपल्याकडचं याचं उत्तम उदाहरण म्हणून मी सतीश मनवरांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) घेईन. विदर्भातला कोरडवाहू शेतकरी, शेजारच्या घरात झालेली आत्महत्या आणि त्यानंतर आपल्या नवऱ्याच्या मनातही तेच येईल या धास्तीने जगणारी बायको. ती लहान मुलाला नवऱ्याच्या पाळतीवर ठेवते. आता पुढची दृश्यं सुटी करून पाहा. माणूस शेतावर जातो, गप्प बसतो, घरी यायला उशीर करतो. त्यात भयंकर काही नाही. पण शेजारच्या मृत्यूनंतर ती येतात म्हणून प्रत्येक साधी हालचाल छातीवर दडपण आणते. यवतमाळ-वर्ध्याकडच्या प्रेक्षकाला तर ते दडपण समजावून सांगावं लागत नाही. भीती कुठल्याही एका चौकटीत नाही, ती क्रमात आहे.

पण नुसत्या क्रमाने माणूस अस्वस्थ होतो, गदगदून जात नाही. त्यासाठी वेळ लागतो, आणि इथे दोन अनुभव वेगळे करायला हवेत. दचकणं वेगळं आणि हेलावणं वेगळं. हिचकॉकच्या ‘सायको’मधला (१९६०) न्हाणीघरातला खून पाऊण मिनिटाच्या आसपास चालतो आणि त्यात डझनावारी तुकडे आहेत. सुरी, हात, तोंड, पाणी. ते संकलन अचाट आहे यात वाद नाही. पण प्रत्येक तुकडा आपल्याला आधीच्या तुकड्यातून बाहेर काढतो. आपण दचकतो, किंचाळतो आणि प्रसंग संपल्यावर शेजारच्याकडे पाहून सुटकेने हसतो. ‘अ‍ॅपोकॅलिप्स नाऊ’चे संकलक वॉल्टर मर्च यांनी कटाची तुलना पापणी लवण्याशी केली आहे. माणूस एक विचार संपवून दुसऱ्याकडे वळतो तेव्हा पापणी लवते, आणि कटही तिथेच पडावा असं ते मानतात. मला ही तुलना उलट बाजूने महत्त्वाची वाटते. असह्य काही समोर आलं की आपण आधी डोळे मिटतो. कट म्हणजे संकलकाने आपल्या वतीने मिटलेले डोळे. मग ज्याला आपले डोळे मिटू द्यायचे नाहीत, त्याने काय करावं?

‘सैराट’चा (२०१६) शेवट याचं उत्तर देतो. नागराज मंजुळे दिग्दर्शक, कुतुब इनामदार संकलक. घरच्यांविरुद्ध पळून जाऊन दुसऱ्या जातीतल्या मुलाशी संसार थाटलेल्या आर्चीच्या हैदराबादच्या घरात तिचा भाऊ माणसं घेऊन येतो, माहेरहून आहेर येतो, आर्ची चहा टाकते. या चहाला चित्रपटाने दिलेला वेळ पाहा. एरवी अशा जागी संकलक चार सेकंदांत पुढे सरकतो, कारण चहा होतो आणि पाहुणे पितात हे कळायला तेवढे पुरतात. इथे चहा सावकाश होतो, कप हातात जातात, नजरा एकमेकींना चुकवतात. घरातल्या रोजच्या वेळाचं सगळं वजन आपल्यावर येतं. आणि मग ज्याची भीती होती तेच गाळलं जातं. आर्चीचा आणि तिच्या नवऱ्याचा खून दिसत नाही. शेजारीण मुलाला दारात सोडते, मूल आत जातं, आणि त्याच्याबरोबर आपण. त्या क्षणी आवाज काढून घेतलेला आहे. मूल रडताना दिसतं, ऐकू येत नाही. अडीच तासांहून अधिक वेळ ज्या चित्रपटात अजय-अतुल यांच्या संगीताने थिएटरं नाचवली होती, त्यात आता एकही वाद्य नाही. मूल बाहेर निघतं आणि पाठीमागे त्याच्या पावलांचे लाल ठसे उमटत जातात. थिएटरातला खोकला, खुर्चीची करकर आणि स्वतःचा श्वास एवढंच ऐकू येत राहतं. रडायला संगीताचा आधार हवा असतो. तोही दिलेला नाही.

कोणी म्हणेल, हे श्रेय विषयाचं आहे, नटांचं आहे. जातीसाठी पोटच्या मुलीला मारणं हीच गोष्ट इतकी भयानक की ती कशीही जोडली तरी माणूस हलेल. हा आक्षेप तपासायची सोय इतिहासानेच करून ठेवली आहे. याच कथेवर २०१८मध्ये हिंदीत ‘धडक’ आला. त्याचा शेवट वेगळा आहे. तिथे नायिकेच्या डोळ्यांदेखत नवरा आणि मूल वरून खाली फेकले जातात. घटना तितकीच क्रूर आहे, कदाचित जास्तच, आणि ती आपल्याला दाखवलीही जाते. तरी त्याचा घाव ‘सैराट’इतका खोल जात नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पडणारा देह हा एक प्रसंग आहे, तो घडतो आणि संपतो. दारातून आत जाणारं मूल आपल्याला एका खोलीत नेऊन उभं करतं आणि तिथून उचलत नाही. विषय तोच, हत्येचं कारण तेच. बदललं ते काय दाखवायचं, काय गाळायचं आणि किती वेळ थांबायचं एवढंच.

दुसरा आक्षेप अधिक तोलामोलाचा आहे. तुम्ही ज्याला संकलन म्हणता ती संकलनाची गैरहजेरी आहे, लांब दृश्यात संकलकाने केलं काय, असा तो आक्षेप. त्याला उत्तर म्हणून मी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) समोर ठेवतो. संकलक रिखव देसाई. राष्ट्रीय पुरस्कारांत तो त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. नागपूरकरांना तो आणखी जवळचा असायला हवा, कारण त्यातले लोकशाहीर नारायण कांबळे म्हणजे आपल्या शहरातले कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे संपादक वीरा साथीदार. एप्रिल २०२१मध्ये कोरोनाने त्यांना इथेच नेलं. चित्रपटात कांबळेंवर आरोप आहे की त्यांच्या गाण्यामुळे एका गटारसफाई कामगाराने जीव दिला. त्या कामगाराची विधवा साक्ष देते. नवरा गटारात उतरण्याआधी खडा टाकून पाहायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजायचा. विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता. वास सहन व्हावा म्हणून तो प्यायचा. ती हे सगळं सपाट आवाजात सांगते. कॅमेरा लांब उभा आहे. दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात ‘झुरळ’ या शब्दावर तिचा चेहरा मोठा करून दाखवला असता, मग न्यायाधीशांचा चेहरा, मग वकिलाचे पाणावलेले डोळे. म्हणजे आपण कुठे हळहळायचं ते दाखवून दिलं असतं. इथे तसं काही नाही. आपण कोर्टाच्या बाकावर बसलेल्या माणसासारखे बसून राहतो आणि झुरळाबद्दलचं ते वाक्य कामकाजात विरून जाताना पाहतो. ते ज्या सहजपणे विरतं, तोच खरा आघात.

हे संकलन नाही असं कसं म्हणायचं? दृश्य कुठे सुरू करायचं आणि कुठे सोडायचं, हे ठरल्याशिवाय ‘लांब दृश्य’ अस्तित्वातच येत नाही. शिवाय ‘कोर्ट’मधला क्रम पाहा. साक्षी-पुराव्यांच्या मधोमध बचावपक्षाचे वकील दुकानात वाइन आणि चीज घेतात, सरकारी वकील बाई लोकलने घरी जातात, मुलाला आणतात, स्वयंपाक करतात, घरच्यांबरोबर नाटकाला जातात. या घरगुती दृश्यांना कोर्टाइतकाच निवांत वेळ मिळतो. त्यामुळे एक गोष्ट कोणी न बोलता कळते. तुरुंगातल्या माणसाचा दिवस आणि त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या बाईंचा दिवस सारख्याच तासांचा आहे, आणि त्या बाई दुष्ट नाहीत. ‘कोर्ट’ पाहून डोळ्यांत पाणी येत नाही, पण माणूस दोन दिवस धड झोपत नाही. रडवण्यापेक्षा मला हे जास्त अवघड वाटतं.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि त्याच्याकडे पाठ फिरवून चालणार नाही. दुसऱ्याचं दुःख मापून, कापून, तुकडे लावून आमच्यावर परिणाम घडवता, ही हातचलाखी नव्हे का? मेलेल्या माणसाचं भांडवल नव्हे का? १९६१मध्ये फ्रेंच समीक्षक जॅक रिव्हेत यांनी ‘कापो’ या छळछावणीवरच्या चित्रपटाची अशीच हजेरी घेतली. विजेच्या तारेवर झेप घेऊन मेलेल्या बाईकडे कॅमेरा सरकतो आणि तिचा उंचावलेला हात चौकटीत नीट बसवतो. मरण देखणं करण्याच्या त्या हालचालीची त्यांना किळस आली. हालचाल कॅमेऱ्याची होती, पण ती ठेवायची की काढायची हे शेवटी संकलनाच्या टेबलावरच ठरतं. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच मघाची दचकण्या-हेलावण्यातली रेघ मला नैतिकही वाटते. ज्या कटाने प्रेक्षकाला आपण किती हळवे आहोत याचं समाधान मिळतं, तो वाईट. ज्या कटाने प्रेक्षकाला आपण कुठे उभे आहोत हे कळतं, तो माझ्या दृष्टीने प्रामाणिक.

‘फँड्री’तलं (२०१३, संकलन चंदन अरोरा) डुकराचं पकडणं या कसोटीवर पाहावं. तिथे कट भरपूर आहेत, म्हणजे माझ्या मुख्य म्हणण्याला हे उदाहरण अडचणीचं. शाळकरी नायक जब्याचं कुटुंब शाळेच्या आसपास डुकरामागे धावतंय आणि गाव बघायला जमलंय. धावणारी माणसं, मग भिंतीवरची हसणारी पोरं. लपू पाहणारा जब्या, मग मॅच बघावी तसे ओरडणारे प्रेक्षक. कट इथे प्रत्येक वेळी सुटका देऊ करतो आणि प्रत्येक वेळी आपल्याला हसणाऱ्यांच्या शेजारी नेऊन बसवतो. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थिजून उभा राहतो, बाप उभा राहतो, घर उभं राहतं, आणि हातातोंडाशी आलेलं डुक्कर समोरून निघून जातं. इतका वेळ पळणारी कात्री राष्ट्रगीतासाठी त्यांच्याबरोबरच उभी राहते. आणि शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ आपल्या दिशेने. दगड लागल्याचं दाखवलं जात नाही, त्याआधीच पडदा काळा होतो. तो कट आणखी अर्धा सेकंद पुढे नेला असता तर दगड कुठेतरी पडला असता. आता तो अजून हवेत आहे.

हे सगळं थिएटरच्या अंधारावर उभं आहे. तिथे सुटका देणं-न देणं संकलकाच्या हाती होतं, कारण दार उघडून बाहेर जायला आपल्याला संकोच वाटायचा. आता चित्रपट तळहातावर आला आहे आणि पडद्याच्या कडेला दोनदा बोट टेकवलं की दहा सेकंद पुढे जातात. कात्री प्रेक्षकाच्या बोटात आली आहे. मी त्याला दोष देत नाही. दमून घरी आलेल्या माणसाने दुःख थोडं लवकर संपवलं तर तो गुन्हा नव्हे. पण ‘कोर्ट’च्या शेवटाकडे काय होतं ते बघा. न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, कांबळे आतच राहतात. दालन रिकामं होतं. एकेक करून दिवे मालवतात. पडदा अंधारतो आणि तसाच राहतो, इतका वेळ की चित्रपट संपला असं कोणालाही वाटावं. बोट पडद्याकडे जातं ते इथेच. त्या अंधारानंतर सहलीला आलेले न्यायाधीश आहेत, बागेतल्या बाकावर बसल्या बसल्या त्यांना लागलेली डुलकी आहे, पोरं ओरडून त्यांना दचकवतात, ते एकाच्या मुस्काटात मारतात, पोरगं रडत जातं आणि न्यायाधीश पुन्हा डोळे मिटून घेतात.