तीन फेज आणि चौथी तार



विजेविषयी बोलताना सर्वांचे लक्ष फेजकडे असते. ‘एक फेज गेली आहे’ हे वाक्य प्रत्येक वसाहतीत ऐकू येते. फेजच्या जोडीने येणाऱ्या न्यूट्रल तारेचे नाव मात्र क्वचितच निघते. वास्तविक घरातील विजेचा समतोल या चौथ्या तारेवरच अवलंबून असतो.

वीजकेंद्रातील जनित्रात तारेची तीन वेटोळी परस्परांपासून १२० अंशांच्या अंतराने बसवलेली असतात. चुंबक फिरू लागले की तिन्ही वेटोळ्यांत एकामागोमाग एक विद्युतदाबाची लाट उठते. भारतात सेकंदाला ५० वेळा. एक लाट ओसरत असताना दुसरी चढत असते. त्यामुळे मोठ्या मोटारींना अखंड, एकसारखा जोर मिळतो आणि तेवढीच वीज वाहून नेण्यास धातूही कमी लागतो. कावेरीवरील शिवनसमुद्र येथून १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे निघालेली वीज तीन फेजचीच होती.

वसाहतीजवळच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ११,००० व्होल्टचा दाब खाली उतरवला जातो. तेथे तिन्ही वेटोळ्यांचे एकेक टोक एका बिंदूत जोडून तो बिंदू जमिनीशी जोडलेला असतो. न्यूट्रल निघते ती याच बिंदूतून. कोणतीही एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्ट असतात. दोन फेजमध्ये सुमारे ४००. ते दुप्पट, म्हणजे ४६० का नाहीत, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारीलच. दोन लाटा एकाच क्षणी परस्परविरुद्ध शिखरांवर पोहोचत नाहीत, म्हणून २३० ला दोनाने नव्हे, तर तीनच्या वर्गमुळाने, म्हणजे १.७३ ने गुणावे लागते.

वसाहतीतील घरे तिन्ही फेजवर वाटून दिलेली असतात. भार अगदी समान असेल तर तिन्ही प्रवाहांची बेरीज शून्य होते. प्रत्यक्षात कुणाकडे एकच दिवा जळत असतो, तर कुणाकडे गिझर चालू असतो. हा फरक न्यूट्रल परत नेते आणि शेजाऱ्याचा भार कितीही असला तरी प्रत्येक घराला २३० व्होल्टच मिळतात.

ही तार रस्त्यावरच तुटली तर काय होते? एका फेजवर १०० वॉटचा जुना दिवा आणि दुसरीवर १,००० वॉटची इस्त्री एवढेच चालू आहे, असे समजा. आता दोन्ही उपकरणे ४०० व्होल्टच्या एकाच साखळीत येतात. दिव्याचा रोध इस्त्रीच्या दहापट असल्याने त्याच्या वाट्याला सुमारे ३६४ व्होल्ट येतात आणि इस्त्रीला उरतात ३६. म्हणजे ज्या घरी वापर कमी, त्याच घराची उपकरणे जळतात. काही दिवे अचानक प्रखर आणि काही मंद झाले, तर मेन स्विच तत्काळ बंद करून वीज कार्यालयाला कळवावे.

न्यूट्रल घरातल्या घरात तुटली तर धोका निराळा असतो. सारे बंद पडते, ‘वीज गेली’ असे वाटते. परंतु चालू ठेवलेल्या उपकरणांतून फेजचा दाब न्यूट्रलच्या तारेपर्यंत पोहोचलेला असतो. प्लगच्या दोन्ही छिद्रांत टेस्टर पेटतो तो यामुळेच. अशा वेळी तात्पुरती सोय म्हणून अर्थिंगची तार न्यूट्रलच्या जागी जोडणे हा घातक उपाय होय. ती अर्थिंग पुढे कोठे तुटलेली असेल, तर फ्रिजच्या पत्र्यापासून गिझरपर्यंत प्रत्येक धातूचा भाग जिवंत होतो.

फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच आर.सी.सी.बी. वीज तोडते आणि धक्का बसलेल्या माणसाचे प्राण वाचवू शकते. मात्र वाढलेल्या दाबापासून ती उपकरणांना वाचवीत नाही. त्यासाठी जादा दाब रोखणारे स्वतंत्र साधन लागते. ती वारंवार पडते म्हणून काढून टाकण्याऐवजी गळती शोधावी.

घर बांधताना वा जुने घर घेताना दिव्यांची झुंबरे निवडण्यापूर्वी न्यूट्रलचे सांधे आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे. सैल सांधा वर्षानुवर्षे गप्प बसतो आणि तुटतो तेव्हा सूचना देत नाही.