दुसऱ्याच्या पेवातले आपले धान्य
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजचा विषय आहे हलका संगणक आणि ‘क्लाउड’, म्हणजे ढगातली साठवण. नाव ऐकून बिचकू नका.

पूर्वी आपल्या वऱ्हाडात ज्वारी पेवात साठवीत आणि लागेल तेवढीच घरात आणीत. या संगणकाचेही तसेच आहे. गूगलचे क्रोमबुक १५ जून २०११ रोजी अमेरिकेत विक्रीस आले. त्याच्या पोटात मोठा साठा नसतो. चालू केले की इंटरनेटची खिडकी उघडते; लिहिणे, हिशेब, पत्रव्यवहार तिच्यातूनच होतात आणि कागद दूरच्या मोठ्या संगणकांवर राहतात. तेच हे ‘क्लाउड’. आपल्याकडे २०१७ साली मुंबईत जाहीर झालेला बटणांचा जिओफोन दीड हजार रुपये अनामतीवर मिळे. त्यातली कायओएस प्रणालीही याच जातीची, वेबच्या ॲपांवर चालणारी.

मागील साली माझ्या लेकीचा असा संगणक ऐन परीक्षेच्या तोंडावर ओट्यावरून पडून फुटला. माझ्या तोंडचे पाणी पळाले. तिने शेजारणीचा संगणक घेतला, आपले नाव व परवलीचा शब्द घातला, आणि सारी टिपणे जशीच्या तशी समोर!

मंडळाचे मात्र उलटे झाले. भिशीचा हिशेब आम्ही असाच वर ठेवला. परवलीचा शब्द कोणी लिहून ठेवला नाही आणि खात्याला जोडलेला मोबाईल नंबर बंद पडला. हिशेब आहे, पण उघडत नाही. कोणी किती भरले यावरून आपल्यातल्या दोघी जिवलग आज बोलत नाहीत. दोष यंत्राचा नाही. चिटणीस मी होते, दोष माझा. शिवाय दोन वर्षे खाते वापरले नाही तर गूगल ते पुसू शकते.

पेव दुसऱ्याच्या वाड्यात असले, तरी त्याचे तोंड कुठे हे घरच्या बाईला ठाऊक हवे. म्हणून माझी विनंती : परवलीचा शब्द दोघींजवळ बंद पाकिटात असावा, नंबर बदलताच खात्यातही बदलावा, आणि दर महिन्याचा हिशेब वहीत उतरून त्यावर सह्या घ्याव्यात. ती वही मी आजच आणली आहे. त्या दोघींनी पहिली सही शेजारी बसून करावी, एवढेच मागून मी आपली रजा घेते.