वणवा कोणी लावला?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत देहरादून येथे केलेले भाषण)



मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना व्याख्यात्यांच्या नामावळीत माझे नाव घालण्याचा मोह कार्यकारिणीला का झाला, हे मला अद्याप उमगलेले नाही. मी वनशास्त्रज्ञ नव्हे, हवामानशास्त्रज्ञ तर नव्हेच. बी.ए. होऊन केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात शिरलो आणि फायलींच्या सावलीत केस पांढरे केले. तरीही आजचा विषय मीच मागून घेतला. कारण २०१६ साली याच व्यासपीठावरून मी एक विधान ठासून केले होते, आणि ते दुरुस्त केल्यावाचून मला या गावातून बदलून जावयाचे नाही.

मे महिन्याच्या रात्री आपल्या गच्चीवरून मसुरीच्या डोंगरावर कधी कधी एक तांबडी नागमोडी रेघ दिसते, ती आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. माझी आई प्रथम येथे आली तेव्हा ती रेघ पाहून म्हणाली, "कुणाची तरी पालखी निघालेली दिसते, केवढ्या मशाली!" आणि तिने हात जोडले. तो वणवा आहे हे तिला सांगणे माझ्या जिवावर आले.

२०१६ च्या उन्हाळ्यात उत्तराखंडात ४,४०० हेक्टरांहून अधिक जंगल होरपळले. हवाई दलाची हेलिकॉप्टरे भीमतालच्या तलावातून पाणी उचलून डोंगरावर ओतीत होती. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात मला चार शब्द बोलण्यास सांगण्यात आले आणि मी बोललो की, हे सारे येथील खेडुतांचे उद्योग आहेत. चांगल्या गवताच्या लोभाने ते डोंगर पेटवितात. दहा-वीस जणांना तुरुंगात घातले की वणवे आपोआप थांबतील. टाळ्याही पडल्या. कार्यक्रमानंतर आपले तेव्हाचे चौकीदार, जे पौडीकडचे होते, खुर्च्या उचलता उचलता मला म्हणाले, "साहेब, लावणारा कोण ते मला ठाऊक नाही. विझवणारे कोण ते ठाऊक आहे. माझी आई तीन दिवस हिरव्या फांद्यांनी जाळ बडवीत होती. गावात नऊ माणसे उरली आहेत, त्यांतली सहा म्हातारी." मी त्यांना चहा पाजला आणि विषय बदलला.

त्यानंतर दौऱ्यावर गेलो की कचेरीचे काम आटोपून मी लोकांना विचारीत राहिलो. जे कळले ते सांगतो.

मराठीत चीड म्हणजे राग. येथे चीड म्हणजे झाड. उत्तराखंडात सुमारे चार लाख हेक्टरांवर हा वृक्ष पसरलेला आहे. त्याची वीतभर लांबीची सुईसारखी पाने ऐन उन्हाळ्यात गळतात आणि उतारावर त्यांची गादी पडते. तिला येथे पिरूल म्हणतात. त्यात राळ असते, ती लवकर कुजत नाही, आणि एक ठिणगी तिला पुरते. चिडीची साल जाड असल्याने मोठे झाड सहसा तगते. जळतात ती बांजाची, म्हणजे ओकाची, कोवळी रोपे. परिणामी आगीमागून पुन्हा चीडच फोफावते आणि जेथे बांज होता व त्याच्या मुळाशी पाण्याचे झरे होते, तेथे पिरूल साचू लागते.

या गादीला ओल मिळते ती हिवाळ्यात. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीत येथे पाऊस व बर्फ पडते. ते चुकले की फेब्रुवारीतच जंगल कोरडे ठणठणीत होते. जानेवारी २०२४ जवळजवळ कोरडा गेला. त्या एप्रिलमध्ये नैनितालभोवती आगी भडकल्या आणि हेलिकॉप्टरांना पुन्हा भीमताल गाठावा लागला. हवामानबदल ही दूरच्या परिषदांतील गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या वर्षीचा पिरूल एकदा हातात चुरडून पाहावयास हवा होता.

मात्र वृत्तपत्रांत जो वाद रंगतो तो विलक्षण असतो. एक पक्ष म्हणतो, आग माणूसच लावतो, तेव्हा हवामानाचे नाव कशाला घेता? दुसरा म्हणतो, पृथ्वीच तापली आहे, तेथे रेंजर बिचारा काय करणार? अशीच जुगलबंदी २०१९-२० साली ऑस्ट्रेलियात झाली. २०१९ हे तेथील नोंदींतले सर्वांत उष्ण व सर्वांत कोरडे वर्ष होते. वणव्यांत ३३ माणसे गेली, तीन हजारांवर घरे जळाली, आणि भांडण मात्र चालले होते आग लावणाऱ्या समाजकंटकांवर! वस्तुतः सिडनीजवळचा गॉस्पर्स माउंटनचा प्रचंड वणवा विजेमुळे पेटला होता. आपल्याकडे वीज फारशी कारण नसते, बहुतेक आगी मानवी हातूनच लागतात, हे खरे. पण काडी कोणी ओढली हा एक प्रश्न आहे आणि आग विझेना का हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा सुटत नाही. माझ्या २०१६ च्या भाषणात दुसरा प्रश्न नव्हताच.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना शंभर वर्षे मागे जावे लागते. १९११ ते १९१७ या काळात इंग्रजांनी कुमाऊंचे जंगल राखीव केले. चराई, लाकूडफाटा, गवत या साऱ्यांवर बंधने आली. १९२१ च्या उन्हाळ्यात लोकांनी जंगले पेटविली. लक्षात घ्या, जळाली ती प्रामुख्याने सरकारच्या उत्पन्नाची चिडीची जंगले. बांजाच्या जंगलांना फारसा हात लागला नाही. आपल्या उपयोगाचे काय ते लोकांना चांगले कळत होते. सरकारलाही ते कळले असावे, कारण चौकशी समिती बसली आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम झाले. त्या पंचायती आजही आहेत, पण अधिकार पुष्कळ ठिकाणी कागदावर राहिले. पुढे १९८१ मध्ये हजार मीटरांवरील हिरवी झाडे तोडण्यास बंदी आली. हेतू उत्तम होता. परंतु जंगलाशी असलेला गावाचा रोजचा व्यवहार आणखी आटला. त्यात माणसेच निघून गेली: २०११ च्या जनगणनेत पौडी आणि अल्मोडा या जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी भरली. पूर्वी पिरूल गोठ्यात अंथरण्यासाठी उचलला जाई. गोठाच नाही तेथे तो कोण उचलणार? मे २०२४ मध्ये सरकारने किलोला ५० रुपये दराने पिरूल विकत घेण्याचे जाहीर केले. योजना वाईट नाही. परंतु हिशेब खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला पहिली शंका अशी येते की, उभ्या उतारावरून तो भारा रस्त्यापर्यंत आणण्यासाठी त्या नऊ माणसांपैकी कोण जाणार?

त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयापुढे राज्याच्या वतीने सांगण्यात आले की आगीखाली केवळ ०.१ टक्का क्षेत्र आहे. न्यायालयाने सुनावले की कृत्रिम पाऊस किंवा वरुणदेवावर विसंबणे हा उपाय नव्हे. टक्केवारी मीही आयुष्यभर काढली आहे, म्हणून तिच्याविषयी मला थोडे कळते. महिनाभराने, १३ जूनला, बिनसर अभयारण्यात आग विझविण्यास गेलेल्या चार वनकर्मचाऱ्यांचा होरपळून मृत्यू झाला. ते कोणत्या टक्क्यात बसतात?

आता मला ज्याने खरे शहाणे केले ते सांगतो. मी मावळातला. वैशाखात आमच्याकडे राब भाजतात. शेण, पालापाचोळा व कवळे शेतात पसरून, वारा पडलेला पाहून, बांधावर पाण्याच्या कळशा ठेवून आजोबा काडी लावीत. त्या आगीला आम्ही कधी गुन्हा म्हटले नाही. अल्मोडा जिल्ह्यातील शीतलाखेतला गेलो तेव्हा तेथील बायका मंडुव्याच्या (आपली नाचणीच ती!) पेरणीपूर्वी शेतातील झुडपे तोडून जाळतात असे कळले. त्याला ओण म्हणतात. ही आग उन्हाळ्यात वाऱ्याने जंगलात शिरे. परिसरातील गावांनी आपसांत ठरविले की ओण ३१ मार्चपूर्वी, जमिनीत ओल आहे तोवर, जाळून संपवावयाचे. १ एप्रिलला ओण दिवस पाळावयाचा. आणि त्यानंतर कोठे धूर दिसला तर सर्वांनी धावावयाचे. बायका धावल्या, कारण गावाचे झरे त्याच जंगलातून येतात. आग लावण्याची तारीख बदलली, एवढेच. अल्मोड्याच्या कचेऱ्या पुढे ही पद्धत इतरत्र नेऊ लागल्या.

हिवाळी पाऊस आपल्या हाती नाही. तो यापुढेही लहरीपणा करील, कदाचित अधिकच करील, आणि म्हणूनच ओण जाळण्याची तारीखही पुन्हा पुन्हा अलीकडे आणावी लागेल. हे काम उपग्रहाचे नव्हे. येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीची सूचना धाडते, ती मोलाचीच आहे. परंतु सूचना पोहोचते त्या वेळी गावात फांदी उचलणारे कोणी असावे लागते.

आपले ते चौकीदार निवृत्त होऊन गावी गेले. गेल्या वर्षी मी त्यांना दूरध्वनी करून २०१६ च्या भाषणाबद्दल क्षमा मागितली. त्यांना ते भाषण आठवत नव्हते. चहा मात्र आठवत होता.

अध्यक्ष महोदय, मंडळाची वार्षिक सहल आपण मे महिन्यात काढतो आणि धुरामुळे हिमालय न दिसल्याबद्दल परतीच्या बसमध्ये हळहळतो. पुढील सहल मार्चमध्ये शीतलाखेतला न्यावी, अशी माझी कार्यकारिणीला सूचना आहे. ओण जाळताना आपल्या मुलांनी पाहावे, जमल्यास पिरूलही उचलावा. पायांत जुने बूट हवेत, कारण पिरूलावरून माणूस घसरतो. मी दोनदा घसरलो आहे. जेवणाला तेथे नाचणीची भाकरी मिळते, तिला फक्त नाव वेगळे आहे. लसणाची चटणी आपण घरून न्यावी.