सिस्टर, पुन्हा एकदा विचारा



डॉक्टर औषध लिहितात, फार्मासिस्ट काढून देतो, आणि रुग्णाच्या पोटात किंवा शिरेत ते जातं सिस्टरच्या हातून. लिहिताना चूक झाली तर फार्मसीत पकडली जाऊ शकते, फार्मसीत झाली तर वॉर्डात. सिस्टरच्या नजरेतून सुटली, तर ती पकडायला पुढे कोणी नसतं. माझी उमेदीची वर्षं वॉर्डात गेली आणि पुढची वर्षं मुलींना नर्सिंग शिकवण्यात, त्यामुळे हे मी तळमळीने सांगते आहे. सिस्टरचं काम नुसतं औषध देणं नाही. शंका आली की हात आखडता घेणं आणि विचारणं, हेही तिचंच काम आहे. ते तिला करू देणं ही बाकी सगळ्यांची जबाबदारी.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली औषधांमुळे होणारी टाळता येण्यासारखी इजा कमी करण्याची जगभर मोहीम सुरू केली. अशा चुकांपायी जगाला वर्षाला सुमारे 42 अब्ज डॉलरची झळ बसते, असा अंदाज तेव्हा मांडला गेला. आकडा मोठा आहे, पण चूक घडते ती एका खाटेपाशी, एका सिरिंजमध्ये.

पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी पाठ करते: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. आता नुसतं 'योग्य रुग्ण' घ्या. मेडिसिन वॉर्डात दोन पाटील आहेत. सिस्टर विचारते, "तुम्हीच पाटील ना?" ग्लानीत असलेले आजोबा म्हणतात, "हो." आपल्याकडची म्हातारी माणसं सिस्टरने काहीही विचारलं तरी 'हो'च म्हणतात, त्यात आदर असतो आणि थोडी भीतीही. म्हणून नाव आपण सांगायचं नाही, त्यांच्याकडून वदवून घ्यायचं: "आजोबा, तुमचं पूर्ण नाव सांगा." उशाशी बसलेल्या आजी नवऱ्याचं नाव घ्यायला संकोचतात, तेव्हा मनगटावरची पट्टी आणि केसपेपर ताडून पाहायचा. खाटेच्या नंबरावर विसंबायचं नाही, कारण रात्रीतून खाटा बदलतात.

मात्रेचं उदाहरण आपल्या घरांतलंच देते. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींचं मिळतं, मिलीला 40 युनिटचं आणि मिलीला 100 युनिटचं. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या: 40 ची लाल टोपीची, 100 ची नारिंगी टोपीची. समजा, 100 वालं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरलं. सिरिंज 20 दाखवते, पण अंगात जातात 50 युनिट. साखर झपकन उतरते, घाम सुटतो, माणूस बेशुद्ध पडतो. म्हणून वॉर्डात इन्सुलिन भरताना व्हायल आणि सिरिंज दुसऱ्या सिस्टरला दाखवायची पद्धत आहे. तिने लांबूनच "बरोबर आहे गं" म्हटलं, तर ती तपासणी नव्हे. तिने लेबल स्वतः वाचायला हवं आणि युनिट स्वतः मोजायला हवेत.

पोटॅशियम क्लोराइडची 10 मिलीची अँप्यूल बघा. पाण्यासारखी स्वच्छ, पटकन डिस्टिल्ड वॉटरची वाटावी अशी. सलाईनमध्ये नीट मिसळून सावकाश चढवली तर ती जीव वाचवते. तशीच थेट शिरेत ढकलली तर हृदय बंद पडू शकतं. "लक्ष देत जा" असं बजावून हा धोका जात नाही. ती अँप्यूल साध्या वॉर्डच्या कपाटात ठेवायचीच नाही. जिथे ठेवावी लागते तिथे कुलपात, वेगळ्या खणात, ठळक लेबल लावून ठेवायची. असा बंदोबस्त माणसाच्या स्मरणशक्तीपेक्षा भरवशाचा असतो.

पण बंदोबस्तच बाजूला सारला तर काय होतं, ते पाहा. अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका मोठ्या रुग्णालयात 2017 च्या डिसेंबरात एका वृद्ध बाईंना स्कॅनआधी त्या घाबरू नयेत म्हणून शामक द्यायचं होतं. सिस्टरने औषधं काढून देणाऱ्या यंत्रावर त्या शामकाच्या ब्रँडच्या नावाची पहिली दोन अक्षरं टाइप केली. यंत्र मूळ नावाने शोधत होतं. तिने यंत्राची आडकाठी बाजूला सारून औषध काढलं, आणि हाती आलं ते स्नायू लुळे पाडणारं, श्वास थांबवणारं औषध. झाकणावर इशारा छापलेला होता. तो वाचला गेला नाही, आणि बाई दगावल्या. चूक सिस्टरने स्वतःहून सांगितली. 2022 मध्ये न्यायालयाने तिला गुन्हेगार ठरवलं आणि तुरुंगाऐवजी तीन वर्षं देखरेखीखाली राहण्याची शिक्षा दिली.

तिची चूक गंभीर होती, हे मी नाकारत नाही. पण चूक कबूल करणारीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, तर पुढची सिस्टर चूक कबूल करेल का? दडवलेली चूक दुरुस्त होत नाही, ती दुसऱ्या वॉर्डात पुन्हा घडते. आपल्या रुग्णालयांतही चूक कळली की आधी मेमो निघतो. आधी चौकशी व्हावी ती कपाटाची, लेबलाची, त्या रात्री वॉर्डात किती सिस्टर होत्या याची.

सिडनीच्या दोन रुग्णालयांत झालेला एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. औषध देताना सिस्टरच्या कामात जितक्या वेळा व्यत्यय आला, तितक्या चुका वाढत गेल्या. दर व्यत्ययामागे वाढ सुमारे 12 टक्क्यांची. आता आपला वॉर्ड आठवा. "सिस्टर, सलाईन संपलं." "सिस्टर, डिस्चार्ज कधी?" फोन वाजतोय, राउंड आलाय, मावशी चादरी मागताहेत. हे सगळं सांभाळायला पुरेसे हात हवेत. शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. सरकारी रुग्णालयात रात्री कोणी नातेवाइकाजवळ थांबला असाल, तर प्रत्यक्षात काय असतं ते तुम्ही पाहिलंच आहे. रिक्त पदं भरणं हा औषध-सुरक्षेचाच भाग आहे, हे शासनाला खडसावून सांगितलं पाहिजे.

आणि डॉक्टर मंडळींना एक विनंती. रात्री दोनला सिस्टर फोन करते, "सर, डोस एकदा पुन्हा सांगता का?" तेव्हा तिच्यावर डाफरू नका. तुम्ही लिहिलेला '5.0' घाईत 50 वाचला जातो, युनिटसाठी लिहिलेलं 'यू' शून्यासारखं दिसतं. तिने विचारलं म्हणजे तुमचा रुग्ण वाचला आणि तुम्हीही वाचलात. एकदा अपमान झालेली मुलगी पुढच्या वेळी अंदाजाने औषध देते. हे मी पाहिलं आहे, म्हणून पोटतिडकीने सांगते.

आणि रुग्ण, नातेवाईक म्हणून दवाखान्यात येणाऱ्या तुम्हा सगळ्यांकडूनही थोडं मागायचं आहे. दवाखान्यात येताना चालू औषधांच्या पट्ट्या सोबत आणा, आयुर्वेदिक, होमिओपॅथिक सगळ्या. कोणत्या औषधाने पूर्वी अंगावर पुरळ उठलं किंवा श्वास अडकला, ते न विचारताही सांगा. घरी बाळाला तापाचं औषध देताना बाटली वाचा: पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये मिलीला 100 मिलिग्रॅम असतं, तर साध्या सिरपमध्ये 125 मिलिग्रॅम असतं पाच मिलीत. चमच्याने ड्रॉप्स पाजू नका. सिस्टरने तिसऱ्यांदा नाव विचारलं तर वैतागू नका, सांगा. आणि ती ट्रॉलीपाशी औषध मोजत असेल, तर तातडीचं काही नसल्यास दोन मिनिटं तिला हाक मारू नका.