मास्तरांचा संसार
(शाखेच्या सभेत केलेले भाषण)



नारायण सुर्वे कवी म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. मी बोलणार आहे ते त्यांच्यातल्या संसारी कष्टकऱ्याबद्दल.

१९२६ साली जन्मलेल्या या पोरक्या मुलाला गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी आणले. घरात दारिद्र्य होते, तरी गंगाराम आणि काशीबाईंनी त्याला आपले नाव दिले, शाळेत घातले. पुढे गिरणी सुटल्यावर ते कोकणात गेले आणि कोवळ्या वयात नारायण मुंबईत एकटा उरला. घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, गिरणी कामगार, शाळेतला शिपाई अशी पडेल ती कामे त्याने केली. शिकत शिकत शिपायाचा मास्तर झाला.

हा गाडा एकट्याने ओढला नाही. कृष्णाबाईंचे 'मास्तरांची सावली' हे आत्मकथन वाचा, म्हणजे संसाराची दुसरी बाजू कळेल.

१९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, १९९८ साली पद्मश्री. १६ ऑगस्ट २०१० रोजी मास्तर गेले.

मित्रहो, आपले गँगमन, खलाशी, पोस्टमन यांचीही आयुष्ये अशीच आहेत. निवृत्तीच्या दिवशी आपण हार घालतो आणि विसरतो. गंगाराम आज आठवतात, कारण त्यांच्या मुलाच्या हाती लेखणी होती. ज्यांच्या घरी लेखणी नाही, त्यांचे कोण लिहिणार? ते काम शाखेने करावे. आपल्या वडीलधाऱ्या सभासदांना आणि त्यांच्या घरच्यांना बोलते करावे, लिहून ठेवावे. मास्तरांना तेच खरे अभिवादन.