जहाजावरच्या तोफा कानपुरात कशा आल्या?

येलदरीहून बोलतोय. इथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. कानपूर तर त्याहूनही आत. तरी 1857 मध्ये तिथे चक्क जहाजावरच्या तोफा धडाडल्या. आणि समोर कोण? आपल्या येवल्याचे तात्या टोपे!

झालं असं. ऑगस्टमध्ये 'शॅनन' ही इंग्रजांची युद्धनौका कलकत्त्याला लागली. आतल्या मुलखात इंग्रजांना जड तोफा कमी पडत होत्या. मग कॅप्टन विल्यम पीलने जहाजावरच्याच तोफा उतरवल्या. अलाहाबादपर्यंत गंगेतून आगबोटीने, पुढे बैल लावून. 24 पौंडी तोफ म्हणजे एकेक गोळा जवळपास 11 किलोंचा.

नोव्हेंबरअखेरीस तात्यांनी जनरल विंडहॅमला मागे रेटून कानपूर शहर घेतलं. पण लखनौहून कॅम्पबेल परतला, सोबत पीलचे खलाशी. 6 डिसेंबरला कालव्याच्या पुलाशी लढाई अडली, तेव्हा खलाशांनी 24 पौंडी तोफ ओढत थेट पुलावर आणली. तात्यांची फौज हटली.

आता बघा, तोफा तात्यांकडेही होत्या, हिंमतही होती. इंग्रजांना मोठा हात दिला तो वाहतुकीने: नदी, आगबोट, दोर आणि आपल्याच मातीतले बैल.

पुढे जून 1858 मध्ये ग्वाल्हेरही गेलं. मग तात्यांनी वेग हेच हत्यार केलं. नर्मदा ओलांडली, एप्रिल 1859 पर्यंत इंग्रजांना पळवत ठेवलं. शेवटी पकडले गेले ते फितुरीने. पळत्या घोडेस्वारामागे 24 पौंडी तोफ काय कामाची?

पटलं तर मित्रांना पाठवा. भेटू पुढच्या भागात.