१९६८ : उंबरठ्याबाहेरचे कंट्री संगीत

वर्ष संपत आले की त्या वर्षातील आवडत्या ध्वनिमुद्रिकांची आणि मैफलींची यादी करावी, हा पाश्चात्त्य संगीताच्या रसिकांचा जुना रिवाज आहे. अशा यादीत ध्वनिमुद्रिका एका रकान्यात आणि मैफली दुसऱ्या रकान्यात मांडल्या जातात आणि निवड बहुधा आवडीच्या नोंदीपलीकडे जात नाही. तिला टीकात्मक मोल येते ते निवडलेल्या कृती एकमेकींविषयी काही सांगू लागल्या तरच. अमेरिकेतील कंट्री संगीत आणि त्याच्याच मुळांतून वाढलेला, आज ‘अमेरिकाना’ म्हणून ओळखला जाणारा प्रवाह यांच्या इतिहासात १९६८ हे अशी यादी सार्थ ठरवणारे वर्ष आहे. त्या वर्षीच्या निवडक ध्वनिमुद्रिका आणि मैफली एकत्र ठेवून ऐकल्या असता असे दिसते, की हे संगीत आपल्या मानाच्या घरात नव्हे, तर त्या घराच्या उंबरठ्याबाहेर ताजे झाले आणि ते कोणासमोर गायले गेले यावर त्याचा अर्थ ठरत गेला.

कंट्री संगीत म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतल्या श्रमिक आणि शेतकरी वस्त्यांमधून घडलेले गाणे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड येथून आलेली कथागीते, आफ्रिकी वंशाच्या लोकांनी आणलेला बँजो, त्यांचेच ब्लूज आणि चर्चमधील भजने यांचे मिश्रण त्यात आहे. १९२७ साली राल्फ पीअर याने टेनेसीतील ब्रिस्टल या गावी कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांचे गाणे प्रथम मुद्रित केले आणि या संगीताचा व्यापार तेथून जोमाने वाढला. त्याचे मानाचे घर मात्र नॅशव्हिल ठरले. १९२५ पासून तेथील डब्ल्यूएसएम या नभोवाणी केंद्रावरून प्रसारित होणारा ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा शनिवारचा कार्यक्रम १९४३ पासून रायमन सभागृहात होऊ लागला आणि तेथे उभे राहून गाणे ही कंट्री गायकाच्या प्रतिष्ठेची खूण मानली जाऊ लागली. पन्नाशीच्या दशकात रॉक अँड रोलने तरुण श्रोते ओढून नेल्यावर चेट ॲटकिन्स, ओवेन ब्रॅडली आदी निर्मात्यांनी फिडल आणि स्टील गिटार मागे सारून व्हायोलिनांचा ताफा आणि मागून साथ देणारे गायकवृंद पुढे आणले. ‘नॅशव्हिल साउंड’ असे नाव मिळालेली ही गुळगुळीत घडण शहरी श्रोत्यांना रुचली, परंतु तिच्यात गाण्याची मूळ खरखर हरवत चालली होती.

या पार्श्वभूमीवर वर्षाची पहिली मोठी मैफल १३ जानेवारी १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील फॉलसम तुरुंगाच्या जेवणघरात झाली. कंट्री गायक जॉनी कॅश याने सकाळी एक आणि दुपारी एक असे दोन कार्यक्रम तेथे केले. गिटारवर ल्यूथर पर्किन्स, बासवर मार्शल ग्रँट आणि ड्रमवर डब्ल्यू. एस. हॉलंड ही त्याची नेहमीची जेमतेम साथ होती. जोडीला कार्ल पर्किन्स, स्टॅटलर ब्रदर्स आणि कार्टर कुटुंबातील माय्बेल यांची कन्या जून कार्टर हे होते. ज्या गाण्यावरून या भेटीला अर्थ आला, ते ‘फॉलसम प्रिझन ब्लूज’ कॅशने १९५५ मध्येच मुद्रित केले होते आणि तेही तुरुंग पाहून नव्हे, तर जर्मनीत हवाई दलाच्या नोकरीत असताना त्या तुरुंगावरचा चित्रपट पाहून सुचलेले. त्याची चाल आणि बरेचसे शब्द तर गॉर्डन जेंकिन्स यांच्या आधीच्या एका गाण्यावर आधारलेले होते आणि त्याबद्दल कॅशला पुढे भरपाई द्यावी लागली. कल्पनेतून लिहिलेले गाणे तेरा वर्षांनी खऱ्या कैद्यांसमोर गायले जाते तेव्हा ते तेच गाणे राहत नाही, हे या मैफलीचे पहिले महत्त्व होय.

मे महिन्यात बाजारात आलेल्या ‘ॲट फॉलसम प्रिझन’ या ध्वनिमुद्रिकेचे दुसरे महत्त्व तिच्या घडणीत आहे. ती जशी घडली तशी जतन केलेली मैफल आहे, असा समज सर्वत्र असला तरी तिचे संपादन बारकाईने केलेले आहे. कॅश स्वतःची ओळख करून देईपर्यंत टाळ्या वाजवू नयेत, अशी सूचना निवेदकाने कैद्यांना आधीच दिलेली होती. ‘फॉलसम प्रिझन ब्लूज’मधील नायक रीनो शहरात केलेल्या निष्कारण खुनाची कबुली देतो, त्या ओळीनंतर तबकडीवर ऐकू येणारा जल्लोषही प्रत्यक्षात त्या जागी झालेला नव्हता. तो नंतर स्टुडिओत जोडण्यात आला, हे मूळ फिती तपासणाऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पहारेकऱ्यांच्या नजरेखाली बसलेले कैदी खुनाच्या उल्लेखावर ओरडणार नाहीत, हे उघड होते. या माहितीमुळे ध्वनिमुद्रिकेचे मोल कमी होत नाही, उलट तिचे खरे क्षण नेमके कोठे आहेत ते कळते. गाण्यांमधल्या मोकळ्या बोलण्यात, मध्येच येणाऱ्या तुरुंगाच्या घोषणांत आणि शेवटच्या ‘ग्रेस्टोन चॅपेल’ या गाण्यात ते आढळतात. हे गाणे त्याच तुरुंगातील ग्लेन शर्ली या कैद्याने रचलेले होते. कॅशने ते आदल्या रात्री शिकून घेतले आणि रचनाकार समोर बसलेला असताना गायले. ही ध्वनिमुद्रिका कंट्रीच्या यादीत पहिल्या आणि सर्वसाधारण लोकप्रिय संगीताच्या यादीत १३ व्या स्थानापर्यंत पोहोचली. जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाल्यावर त्याच रीनोच्या ओळीमुळे नभोवाणी केंद्रे ‘फॉलसम प्रिझन ब्लूज’ वाजवण्यास कचरू लागली आणि कोलंबिया कंपनीने ती ओळ गाळलेली आवृत्ती काढली. एकच ओळ तुरुंगात, दिवाणखान्यात आणि शोकाकुल देशात तीन वेगळे अर्थ कसे धारण करते, याचा हा पुरावा आहे.

फॉलसमनंतर बरोबर एका आठवड्याने, २० जानेवारीला, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये दुसरी मैफल झाली. आदल्या वर्षीच्या ३ ऑक्टोबरला लोकगायक वुडी गथ्री याचे निधन झाले होते. मंदीच्या काळातले विस्थापित शेतकरी आणि मजूर यांची गाणी रचणाऱ्या या कवीच्या स्मरणार्थ पीट सीगर, ओडेटा, जूडी कॉलिन्स आणि त्याचा मुलगा आर्लो गथ्री हे एकत्र आले. परंतु तिकिटांसाठी गर्दी झाली ती बॉब डिलनमुळे. जुलै १९६६ मधील मोटरसायकल अपघातानंतर तो प्रथमच रंगमंचावर येत होता आणि त्याच्यासोबत पुढे ‘द बँड’ या नावाने प्रसिद्ध झालेला वाद्यवृंद होता. लोकसंगीत विजेच्या वाद्यांवर वाजवल्याबद्दल ज्याची हुर्यो उडवली गेली होती, त्या गायकाने लोकसंगीताच्याच श्राद्धात गथ्रीची तीन गाणी विजेच्या वाद्यांवर, कंट्रीच्या ठेक्यात सादर केली आणि या वेळी श्रोत्यांनी ती आनंदाने स्वीकारली. लोकसंगीत, कंट्री आणि रॉक यांच्यामधल्या भिंती त्या सायंकाळी पडल्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल; त्यांना दारे आहेत, एवढे मात्र दिसले.

तिसरी मैफल अपयशाची आहे आणि म्हणूनच या यादीत तिला स्थान आहे. मार्च महिन्यात कॅलिफोर्नियाचा द बर्ड्स हा लांब केस राखणारा रॉक गट ध्वनिमुद्रणासाठी नॅशव्हिलला आला असताना त्यांना ऑप्रीच्या रंगमंचावर गाण्याची संधी मिळाली. श्रोत्यांनी टवाळी करून त्यांचे स्वागत केले. गटात नुकत्याच आलेल्या ग्रॅम पार्सन्स या तरुण गायकाने ठरलेले दुसरे गाणे ऐनवेळी बाजूला ठेवून ‘हिकरी विंड’ हे स्वतःचे गाणे आजीला अर्पण करून गायले आणि यजमानही नाराज झाले. विसंगती अशी, की पार्सन्स दक्षिणेतच वाढलेला होता आणि या गटाने जे संगीत आणले होते, ते नॅशव्हिलच्या चालू संगीतापेक्षा अधिक जुन्या वळणाचे होते.

ऑगस्टमध्ये प्रकाशित झालेल्या ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत हे स्पष्ट ऐकू येते. नॅशव्हिलमधील लॉइड ग्रीन याच्या पेडल स्टील गिटारचा तिच्यातील वाटा मोठा आहे. पेडल स्टील म्हणजे आडवी ठेवून, तारांवर धातूची दांडी सरकवून वाजवायची गिटार. तिला जोडलेल्या पायपट्ट्यांनी स्वर ओढता आणि सैल करता येतात. तिचे मूळ हवाईयन गिटारमध्ये आहे आणि वाद्यवादनाच्या रूपातील हिंदी चित्रपटगीते ऐकलेल्या मराठी श्रोत्याला त्या मींडयुक्त स्वराची ओळख आधीपासूनच असते. या तबकडीवर गथ्रीचे एक गाणे आहे, डिलनची दोन आहेत, मर्ल हॅगार्डचे तुरुंगगीत आहे आणि चर्चची भक्तिगीतेही आहेत. एका जुन्या करारामुळे पार्सन्सच्या काही गाण्यांवरचा त्याचा आवाज काढून दुसऱ्याचा घालावा लागला. वर्णद्वेषी राजवटीच्या दक्षिण आफ्रिकेत दौरा करण्यास नकार देऊन तो तबकडी बाजारात येण्यापूर्वीच गट सोडून गेला. विक्रीच्या यादीत ती ७७ व्या क्रमांकापुढे गेली नाही. रॉकच्या श्रोत्यांना ती फार कंट्री वाटली आणि कंट्रीच्या श्रोत्यांना तिचे गायक परके वाटले. तिचा श्रोता त्या वर्षी अजून तयार व्हायचा होता.

‘म्युझिक फ्रॉम बिग पिंक’ ही द बँडची पहिली ध्वनिमुद्रिका १ जुलैला आली. न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉकजवळच्या ज्या गुलाबी घरात यातील बरीच गाणी आकाराला आली, त्याचे नाव तिला मिळाले. गटातील चौघे कॅनडाचे आणि ड्रमर लेव्हन हेल्म तेवढा आर्कान्सा राज्यातील शेतकरी कुटुंबातला होता. तरुणांनी वडीलधाऱ्यांविरुद्ध बंड पुकारण्याच्या त्या काळात या गटाने वेष्टनावर आपल्या नातेवाइकांसह काढलेला कौटुंबिक फोटो छापला. संगीतातही तोच कल दिसतो. एकट्या वादकाने झळकावे याऐवजी आवाज एकमेकांत मिसळत जातात आणि पियानो, ऑर्गन यांमुळे खेड्यातल्या चर्चचा भास होतो.

या तबकडीवरील ‘लाँग ब्लॅक व्हेल’ हे कथागीत ‘ॲट फॉलसम प्रिझन’वरही आहे आणि वर्षाच्या दोन प्रमुख ध्वनिमुद्रिकांची तुलना करण्यास त्याहून चांगले साधन नाही. डॅनी डिल आणि मॅरिजॉन विल्किन यांनी रचलेले हे गाणे १९५९ मध्ये लेफ्टी फ्रिझेल याने लोकप्रिय केले होते. खुनाचा खोटा आळ आलेला माणूस त्या रात्री आपण जिवलग मित्राच्या पत्नीसोबत होतो हे सांगण्याऐवजी फाशी पत्करतो, अशी त्याची कथा. कॅश ही कथा शिक्षा भोगणाऱ्या माणसांना सांगतो, त्यामुळे तिच्यात न्यायालय आणि निकाल ठळक होतात. द बँडचा रिक डॅन्को ती समोर कोणी नसताना स्टुडिओत गातो, त्यामुळे तिच्यातील विरह आणि लपवलेले प्रेम पुढे येते.

तुरुंग हाच या वर्षाच्या गाण्यांचा समान धागा आहे, असे मर्ल हॅगार्डच्या ‘मामा ट्राइड’ या ध्वनिमुद्रिकेवरूनही म्हणता येते. हॅगार्डने स्वतः सॅन क्वेंटिन तुरुंगात शिक्षा भोगली होती आणि तेथे कॅशचा कार्यक्रम श्रोता म्हणून ऐकला होता. शीर्षकगीतातील जन्मठेप कल्पित आहे, परंतु वयाची २१ वर्षे तुरुंगात पूर्ण होणे आणि आईचे कष्ट वाया जाणे हे त्याचे स्वतःचे आहे. तो कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड या शहराचा. तेलविहिरी आणि शेतमजुरांच्या या भागात कडक, विजेच्या गिटारवर उभे असलेले कंट्री संगीत रुजले होते आणि तेही नॅशव्हिलच्या बाहेरचेच होते.

अर्थात नॅशव्हिल त्या वर्षी निष्प्राण होते असे नव्हे. टॅमी वायनेट घटस्फोटासारखा विषय घराघरांत पोहोचवत होती, तर टॉम टी. हॉल याने लिहिलेले ‘हार्पर व्हॅली पी.टी.ए.’ हे गावातल्या ढोंगावरचे गाणे गाऊन जीनी सी. रायली ही एकाच गाण्याने कंट्री आणि सर्वसाधारण अशा दोन्ही याद्यांत अग्रस्थान मिळवणारी पहिली स्त्री ठरली. ही मोठी गाणी होती. परंतु त्यांचे यश सुट्या गाण्यांचे होते, संपूर्ण ध्वनिमुद्रिकेचे नव्हे. शिवाय त्या घराच्या दारातून आत कोणाला घेतले जाते, हा प्रश्न तेवढाच तीव्र होता. ऑप्रीचा पहिला कृष्णवर्णीय लोकप्रिय वादक डीफोर्ड बेली याला १९४१ मध्येच दूर करण्यात आले होते आणि चार्ली प्राइड तेथे १९६७ मध्ये प्रथम गायला होता. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची मेम्फिसमध्ये हत्या झाली आणि नॅशव्हिलमधील संचारबंदीमुळे त्या आठवड्याचा ऑप्रीचा शनिवारचा कार्यक्रम रद्द करावा लागला. ज्या संगीताच्या घडणीत कृष्णवर्णीयांचा वाटा मूलभूत आहे, त्याच्या घराला तो वाटा मान्य करणे अजून जमलेले नव्हते, आणि या यादीतील प्रमुख नावेही गोऱ्यांचीच आहेत, ही तिची मर्यादा नोंदवली पाहिजे.

नभोवाणीच्या ठरीव साच्यात न बसणाऱ्या, कंट्री, ब्लूज, लोकसंगीत, भक्तिगीते आणि रॉक यांच्या समान मुळांशी नाते सांगणाऱ्या संगीताला नव्वदीच्या दशकात ‘अमेरिकाना’ हे नाव मिळाले. १९९९ मध्ये अमेरिकाना म्युझिक असोसिएशन ही संस्था स्थापन झाली, आणि तीही नॅशव्हिलमध्येच. २०१० साली सर्वोत्तम अमेरिकाना ध्वनिमुद्रिकेचे ग्रॅमी पारितोषिक प्रथमच दिले गेले, तेव्हा ते ‘इलेक्ट्रिक डर्ट’ या तबकडीसाठी लेव्हन हेल्म याला मिळाले. उंबरठ्याबाहेर उभ्या राहिलेल्या पिढीला घराने आपले मानण्यास चार दशके लागली.

तेव्हा १९६८ ची निवड करताना क्रम असा लावावा लागतो : ध्वनिमुद्रिकांत ‘ॲट फॉलसम प्रिझन’ पहिली, ‘म्युझिक फ्रॉम बिग पिंक’ दुसरी आणि ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ तिसरी, मैफलींत फॉलसम, कार्नेगी हॉल आणि ऑप्री. पहिल्या स्थानाचे कारण विक्री किंवा कीर्ती नसून, त्या एकाच कृतीत मैफल आणि ध्वनिमुद्रिका, श्रोता आणि रचनाकार हे दोन्ही भेद पुसले जातात, हे आहे. कंट्री संगीताशी परिचय नसलेल्या मराठी रसिकाने आरंभ तेथूनच करावा आणि ऐकताना गायकाइतकेच लक्ष त्याच्यासमोर बसलेल्यांकडे द्यावे.